ओळख श्रद्धेची (भाग ६) : अभिषेकानंतरचे आयुष्य

मागील भागात आपण स्नानसंस्कारातील पाण्याचा अर्थ पाहिला. पाण्यापाठोपाठ धर्मगुरू बाळाच्या टाळूला सुगंधी तेल लावतात. त्याला क्रिझ्मा म्हणतात. कॅथलिक श्रद्धेतील समर्पणाचा विचार या तेलाच्या वाटेने चांगला उमगतो.

ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून क्रिझ्मा तयार होते. पवित्र गुरुवारी सकाळी, किंवा सोयीने त्याआधीच्या एखाद्या दिवशी, बिशप धर्मप्रांतातील धर्मगुरूंसह मिस्सा अर्पण करतात आणि ते पवित्र करतात. मग वर्षभर ते तेल दृढीकरणात कपाळाला, गुरुदीक्षेत तळहातांना, बिशपपदाच्या दीक्षेत मस्तकाला आणि नव्या चर्चमध्ये वेदीला व भिंतींना लागते. बाळाला आणि बिशपांना तेल एकच!

अभिषेक झालेली वेदी केवळ उपासनेसाठी राखली जाते. माणूसही तसाच देवासाठी राखला जातो. पण वेदीला नकार देता येत नाही, माणसाला येतो. म्हणून समर्पणाचा आरंभ देवाचा असला, तरी त्याला होकार देण्याचे काम माणसाने रोज करायचे असते.

तो होकार कसा द्यायचा? टाळूला तेल लावतानाच्या प्रार्थनेत ख्रिस्ताची याजक, संदेष्टा आणि राजा अशी तिहेरी ओळख येते. बाळ त्या तिन्हींत सहभागी होते. याजक म्हणून आपले श्रम आणि दुखणी देवाला अर्पण करायची, संदेष्टा म्हणून अडचणीचे असले तरी सत्य बोलायचे, आणि राजा म्हणून सेवा करायची. कारण या राजाने शिष्यांचे पाय धुतले.

काहीजण याच मुळावर पुढचे पाऊल टाकतात. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन ते व्रतस्थ होतात. त्यासाठी धर्मगुरू असावे लागत नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. जपानमध्ये त्यांनी दुभाष्याचे काम केले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर प्राण दिले. आधीच अवगत असलेली जपानी भाषा त्यांनी देवाच्या कामी लावली. समर्पण म्हणतात ते हेच.

प्रापंचिकांचे समर्पण याहून कमी प्रतीचे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले की, पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे आणि प्रापंचिक आपल्या कामातून अवघे जगच देवाला अर्पण करतात. प्रामाणिक हिशेब ठेवणारा दुकानदार आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा करणारी सून आपल्या अभिषेकाला जागत असतात. स्नानसंस्काराची तारीख आपल्याला ठाऊक नसेल, तर या आठवड्यात ती चर्चच्या नोंदवहीत शोधावी आणि वाढदिवसासारखी पाळावी.

पुढील भागात : तीन व्रते आणि त्यांतील स्वातंत्र्य.