एका हाती दोन हुकूम

मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीला निघालेली जोडपी, दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतून साखर कारखान्यांच्या वाटेला लागले, म्हणजे मागे राहिलेल्या पुष्कळ घरांत आजी आणि शाळकरी नातवंडे एवढीच वस्ती उरते. तेथे सायंकाळी करमणुकीचे साधन म्हणून टीव्ही असतो, आणि दूरदर्शनने २००४ साली सुरू केलेल्या, मासिक वर्गणी नसलेल्या सेवेची छत्री छपरावर असते. परंतु टीव्हीचा रिमोट निराळा व सेट टॉप बॉक्सचा निराळा, त्यामुळे मंद झालेल्या दृष्टीला हा द्विदल कारभार जड जातो. हे दोन्ही अधिकार एकाच रिमोटाकडे सोपविण्याची तजवीज मी धारूरच्या बाजारात, दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात, जवळ बसून पाहिली.

बॉक्सच्या नव्या रिमोटावर टीव्हीसाठी राखून ठेवलेली चार-पाच बटणे कोरी होती. कारागिराने प्रथम टीव्हीच्या जुन्या रिमोटात ताजे सेल घातले, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून त्याचे बटण दाबले, आणि नुसत्या डोळ्यांस अगोचर असलेला किरण पडद्यावर जांभळट ठिपक्याच्या रूपाने उमटताच तो शाबूत असल्याची खातरजमा केली. मग उन्हाचा अडथळा नको म्हणून आडोशाला, फळीवर दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून, दोन-तीन बोटांचे अंतर राखून मांडले. नव्याचे ‘सेट’ लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरले, शिकवायचे बटण दाबले, आणि लगोलग जुन्याचे तेच बटण दाबून दिव्याच्या लुकलुकीने पोच मिळविली. आवाज वाढविण्याचे, कमी करण्याचे, अशी एकेक बटणे याच क्रमाने दाखल झाली, आणि अखेरीस पुन्हा ‘सेट’ दाबून सारे कायम झाले.

यात घडते ते असे: अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा स्पंदत असतो, आणि हुकूम लिहिला जातो तो या स्पंदांच्या झोतांत व त्यांमधील अंधारात. पुष्कळ रिमोट पाळतात त्या एका प्रचलित पद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंद प्रकाश, ४.५ मिलिसेकंद अंधार, आणि मागोमाग ३२ खुणा येतात. आखूड अंधार म्हणजे शून्य, लांब अंधार म्हणजे एक. शिकणाऱ्या रिमोटाला कंपनीचे नाव ठाऊक नसते की हुकुमाचा आशय. अर्थ न कळताही ऋचा सस्वर मुखोद्गत करणाऱ्या बटूप्रमाणे तो केवळ कालमान ग्रहण करतो व बरहुकूम उच्चारतो. म्हणूनच, ज्यांचा क्रमांक तयार सांकेतिक यादीत आढळत नाही, अशा अप्रसिद्ध बनावटीच्या टीव्हींनाही ही रीत लागू पडते.

“आजी, जुना रिमुट फेकू नका, सेल काढून ठिवा,” असे कारागिराने निक्षून बजावले, आणि त्यातच या कामाचे मर्म आहे. गुरू मौन झाल्यावर शिष्याला शिकविणारे कोणी उरत नाही. सेल पाझरून जुना रिमोट कामातून गेला, तर त्याची विद्याही त्याच्यासोबत जाते. उचल घेतलेल्या घराने शिधा, किराणा, औषधे यांची तरतूद करताना, तरुण माणसे गावात आहेत तोवर, हे अर्ध्या तासाचे कामही उरकून घ्यावे. कारण मागे राहणाऱ्या वृद्धेला आपल्याच घरातली वस्तू चालविण्यासाठी शेजाऱ्याची वाट पाहावी लागू नये, ही तिच्या स्वातंत्र्याची गोष्ट आहे.