पाणी देऊन मऊ होणारा धातू



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हां मुलांना एकदा जोयड्यातील लोहाराच्या भट्टीपाशी नेले होते. लालभडक कोयता पाण्यात बुडाला, चर्र आवाज झाला आणि गुरुजी म्हणाले, "पाणी दिले की पोलाद कठीण होते." हा नियम साऱ्याच धातूंना लागू असावा, असे मी पुढे अनेक वर्षे धरून चाललो. तो तसा नाही, हे मला एका चुकीने शिकविले.

आपल्या तालुक्यात गणेशगुडीला सुपा धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन जनित्रसंच आहेत. तेथील चक्रे काळी नदीच्या थंड पाण्यावर फिरतात. त्यांना पोलाद पुरते. जेट एंजिनाच्या चक्रावर मात्र १००० अंश सेल्सिअसहून तप्त वायूचा झोत येतो. तेथे साधे पोलाद टिकत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये निमोनिक मालिकेतील निकेलचे मिश्रधातू पुढे आले. आपल्याकडे मिग-२१ विमाने ओझरला आणि त्यांची एंजिने कोरापूटला तयार होत, तेव्हा या कुळातील धातूंशी आपल्या कारागिरांचाही परिचय झाला.

या मिश्रधातूंत थोडे ॲल्युमिनियम व टायटॅनियम असते. धातू सुमारे १००० अंशांवर तापविला की ते निकेलमध्ये विरघळतात, चहात साखर विरघळावी तसे. लगेच वेगाने थंड केल्यास ते विरघळलेलेच राहतात आणि धातू मऊ राहतो. म्हणजे आमच्या लोहाराच्या अनुभवाच्या नेमके उलट! नंतर ७०० अंशांच्या आसपास तो काही तास ठेवला, की निकेलशी संयोग पावलेले अतिसूक्ष्म कण आतल्या आत बाहेर पडतात, आणि त्यांच्यामुळे धातू कठीण होतो. या दुसऱ्या तापोपचारास कारखान्यात एजिंग म्हणतात.

आता माझी चूक. पुण्याच्या परिसरातील एका कारखान्यात मी नवखा अभियंता होतो. अशा धातूची एक कडी आमच्या ज्येष्ठ वेल्डरने जोडली. तपासणीत जोड निर्दोष ठरला. भट्टीची सूचना मी लिहिली: सावकाश तापवा आणि थेट एजिंग करा. पोलादाच्या बाबतीत सावकाश तापविणे हीच सावधगिरी असते. सकाळी भट्टी उघडली तेव्हा जोडालगत केसासारखी तडा गेलेली दिसली. दोष वेल्डरच्या माथी आला. तो एवढेच म्हणाला, "साहेब, मी दिला तेव्हा जोड अखंड होता."

तो खरे बोलत होता. वेल्डिंगनंतर जोडात ताण कोंडलेला असतो. तो सैल होण्याआधीच, सावकाश तापताना, कण बाहेर पडू लागतात. धातूचे स्फटिक कठीण होतात, धातू किंचित आकसतो, आणि सारा ताण स्फटिकांच्या सीमांवर येऊन तेथे तडा जाते. यावर उपाय असा: धातू मऊ स्थितीत असतानाच, कमीत कमी उष्णता देऊन व तो फार न आवळता जोडावा; जोडापूर्वी तेल, रंग, गंधक यांचा अंशही पुसून टाकावा; नंतर एजिंगचा टप्पा वेगाने ओलांडून तो पुन्हा विरघळण्याच्या तापमानापर्यंत न्यावा, म्हणजे ताण निघून जातो; मग वेगाने थंड करून शेवटी एजिंग करावे.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेल्या इन्कोनेल ७१८ मध्ये मुख्य भर सुमारे ५ टक्के निओबियमवर आहे. त्याचे कण फार संथपणे निघतात. ताणाला सैल होण्यास अवधी मिळतो. म्हणूनच तो वेल्डरांचा आवडता ठरला. त्याचे प्रचलित एजिंग ७२० अंशांवर ८ तास, मग हळूहळू उतरून ६२० अंशांवर ८ तास असे असते.

कारण उमगल्यावरही मी आठ दिवस गप्प राहिलो. नवव्या दिवशी माझी सूचनाच चुकीची होती, असे लेखी दिले. वेल्डरच्या नावापुढचा शेरा खोडला गेला. त्या आठ दिवसांची त्याची मान खाली गेली होती, ती मात्र मला भरून देता आली नाही.

गुरुजींचा नियम खोटा नव्हता. तो पोलादाचा होता. हातातला धातू कोणता, हे आधी विचारावे आणि चूक कोणाची, हे त्यानंतर ठरवावे, एवढेच मी त्यांच्या स्मृतीस वंदन करून सांगतो.