एका बोंडातली वाटणी

पेशी ते पाऊस : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, मुळाच्या टोकाशी थांबलो होतो. तिथली पेशी विभागते ती हुबेहूब नक्कल करत. आधी प्रत्येक गुणसूत्राची जोड-प्रत तयार होते, मग त्या प्रती दोन टोकांना ओढल्या जातात आणि दोन्ही नव्या पेशींना ५२-५२ गुणसूत्रं मिळतात. हे सूत्री विभाजन. मूळ, खोड, पान यांची सगळी वाढ त्याच्या बळावर होते. आज फुलात शिरू. तिथे पेशी नक्कल करत नाही, वाटणी करते. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला बियाण्याचा दरवर्षीचा खर्च, शेंदरी बोंडअळी आणि लांबत जाणारा पाऊस हे तिन्ही विषय या वाटणीपाशीच एकमेकांना भेटतात.

पऱ्हाटीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधाळ रंगाचं असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी पडतं आणि मग सुकून गळतं. परागीभवनाला एवढीच मुदत. उमलण्याच्या दिवशीच कोवळ्या बीजांडाच्या सालीवरच्या काही पेशी फुगून बाहेर डोकावू लागतात. त्या पुढे कधीच विभागत नाहीत, नुसत्या लांबतात. साधारण तीन आठवड्यांत एकेक पेशी अडीच-तीन सेंटिमीटर होते. मग तिच्या आत सेल्युलोजचे थर चढतात, आणि बोंड फुटलं की ती वाळून चपटी होते व पीळ घेते. रुईचा एक तंतू म्हणजे एक पेशी, आणि एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त तंतू असतात. सेवाग्रामच्या आश्रमात चरख्यावर कातला गेलेला प्रत्येक तंतू ही एकेक अख्खी पेशी होती! शाळेत पेशी दाखवायला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल ठेवतात. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांनी कापसाचा तंतूही ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी पेशी मुलांना दुसरीकडे सहजी कुठे भेटणार?

बीजांडाचं फलन झालं नाही तर सरकी भरत नाही, आणि सरकी भरली नाही तर तिच्यावरचा तंतूही खुंटतो. पऱ्हाटीच्या परागकणावर पाण्याचा थेंब पडला तर तो फुटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे विदर्भावरून सरकतात आणि झड लागते. फुलोऱ्याच्या दिवसांत अशा झडीच्या सकाळी लागोपाठ आल्या की त्याचा हिशेब थेट बोंडातल्या सरक्यांच्या संख्येत उतरतो.

आता वाटणीकडे. परागकण आणि बीजांडातली अंडपेशी तयार होताना जे विभाजन होतं ते अर्धसूत्री. ५२ गुणसूत्रांच्या २६ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. या विभाजनात जोडी फुटते आणि नव्या पेशीला जोडीतलं कुठलं तरी एकच मिळतं. प्रत्येक जोडीचा निवाडा स्वतंत्र. त्यामुळे २६ जोड्यांतून ६ कोटी ७१ लाखांहून जास्त वेगवेगळे संच निघू शकतात. शिवाय फुटण्याआधी जोडीतली गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे अदलाबदल करतात, तो भाग वेगळाच. देशी कापसात २६ गुणसूत्रं म्हणजे १३च जोड्या असतात. एकेकाळी नावाजलेला हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस त्या घराण्यातला. आज सगळीकडे दिसणारी अमेरिकन पऱ्हाटी मात्र दोन प्राचीन कापसांच्या संगमातून दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी झाली आणि दोघांची गुणसूत्रं तिने कायमची सांभाळली.

ही वाटणी शेतकऱ्याच्या खिशाला कशी भिडते ते पाहा. १९७० साली सूरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा कापूस दिला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीत प्रत्येक रोपाला एक संच आईचा, एक बापाचा मिळतो. म्हणून सगळं शेत एकसारखं आणि जोमदार दिसतं. पण त्या रोपांना फुलं आली की अर्धसूत्री विभाजन सगळं पुन्हा वाटून टाकतं. घरची सरकी राखून पेरली की एक रोप उंच, एक बुटकं, एकाचं बोंड टपोरं तर दुसऱ्याचं बारीक. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं ते या कारणाने. कंपन्यांनी बी ‘वांझ’ करून ठेवलंय असं पुष्कळदा ऐकू येतं. ते खरं नाही. बी उगवतं, फक्त आईबापाची जोडी पुन्हा तशीच जमत नाही.

२६ मार्च २००२ रोजी देशात बीटी कापसाला मंजुरी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक पऱ्हाटीत घातलं होतं. ते अळीच्या आतड्याला घातक ठरणारं प्रथिन बनवतं. २००६ पासून दोन जनुकांचं, म्हणजे बीजी-२ आलं. भारतात हे तंत्र जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्यातूनच आलं. बहुतेक संकरांत बीटी जनुक आईबापांपैकी एकाच बाजूने येतं, म्हणजे रोपात त्याची एकच प्रत. पानात, खोडात, बोंडाच्या सालीत ती प्रत हजर असते, कारण तिथे सूत्री विभाजन चालतं. सरकी मात्र पुढची पिढी. तिथे वाटणी झालेली असते.

बीजी-२ पऱ्हाटीच्या एका बोंडात ३२ सरक्या धरा. सरासरीने त्यातल्या १८ सरक्यांत दोन्ही विषं असतात, १२ सरक्यांत दोनांपैकी एकच, आणि दोन सरक्यांत एकही नाही. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावर मांडलेलं हेच प्रमाण. बाहेरून बोंड एकसारखं हिरवं दिसतं, आत मात्र विषाची वाटणी विषम आहे. आणि शेंदरी बोंडअळी नेमकी सरकी खाणारी! अंड्यातून निघाल्यावर ती बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजून जातं आणि आत काय चाललंय ते वेचणीपर्यंत कळत नाही.

अळीलाही गुणसूत्रं आहेत आणि तिच्याही पोटी हीच वाटणी होते. विष पचवण्याचा गुण सुरुवातीला हजारोंत एखाद्या अळीतच असतो, आणि तो बहुधा अप्रभावी असतो. म्हणजे आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच पुरता तारतो. एक प्रत असलेली अळी पुरेशा विषाने मरते. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट, ज्याला सगळे ‘रेफ्युजी’ म्हणतात, दिलं जायचं ते यासाठी. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी तगलेल्या एखाद-दुसऱ्या पतंगाशी जोडी करावी आणि पोरं एका प्रतीची, म्हणजे मरणारी निघावीत. ते पाकीट कित्येक ठिकाणी धुऱ्यावर पडून राहिलं. हिरवी बोंडअळी तूर, हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिच्यासाठी तुरीच्या तासांनी आसऱ्याचं काम आपोआप केलं. शेंदरी अळी जवळपास कापसावरच जगते, तिला दुसरं घर नाही. त्यात कमी विषाच्या सरक्यांवर एका प्रतीच्या अळ्याही तगू लागल्या, हे प्रतिकारक्षमता वेगाने वाढण्याचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. दोन अर्ध्या-प्रतिकारक पतंगांची जोडी जमली की त्यांच्या पिलांतली चौथाई पूर्ण प्रतिकारक. आधी गुजरातेत आणि मग २०१७ च्या हंगामात विदर्भात शेंदरी बोंडअळीने बीटी कापसाचं काय केलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

हीच वाटणी चीनच्या यांगत्से खोऱ्यात उलटी उपयोगी पडली. तिथल्या शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं. त्यामुळे चौथाई रोपं मुळापासून शेंड्यापर्यंत बिगर-बीटी निघाली आणि साध्या अळ्यांना आयता आसरा मिळाला. वाढत चाललेली प्रतिकारक्षमता तिथे मागे हटली. निसर्गाचा नियम एकच. वाटणी रोपारोपांत झाली की आसरा, एकाच बोंडात झाली की अळीची तालीम.

या सगळ्याचं वेळापत्रक मात्र पृथ्वी ठरवते. तिचा आस कललेला आहे म्हणून कार्तिकानंतर दिवस लहान होतात. दिवस लहान आणि हवा गार झाली की शेवटच्या पिढीतल्या काही अळ्या सरकीत किंवा पडलेल्या बोंडात झोपी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन बाहेर येतात. तेव्हा शेतात पात्या नसतील तर त्या पतंगांची पिढी खुंटते. पण ओलिताच्या सोयीने मे महिन्यातच टोबलेली पऱ्हाटी त्यांच्यासाठी तयार असते, आणि डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, दिसू लागतात. हंगामाच्या दुसऱ्या टोकाला फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी. बोर धरणाच्या कालव्याचं पाणी आणि ओल धरणारी काळी माती असली की डिसेंबरानंतरही झाड हिरवं राहतं आणि अळीला जास्तीची पिढी मिळते. उबदार हवेत तिची पिढी महिनाभरात पुरी होते, गारठ्यात लांबते.

हवामान बदलाचा धागा इथे लागतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२० च्या वर आहे. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस थोड्या दिवसांत जोराने पडतो. २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. त्यात महाराष्ट्रातल्या अनेक ठिकाणचं आगमन काही दिवस पुढे गेलं आणि वायव्य भारतातून परतीला एक-दोन आठवडे उशीर नोंदला गेला. पेरणी मागे सरकली आणि थंडी कमी पडली तर हंगामाचा शेवट अळीच्या सोयीचा होत जातो.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याला कमी दिवसांत येणारी, दाट लावता येणारी सरळ वाणं हवीत. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असतात, म्हणून अर्धसूत्री विभाजनाने कितीही वाटलं तरी प्रत्येक सरकीला तेच मिळतं. बोंडातली विषम वाटणी संपते, बी घरी राखता येतं आणि डिसेंबरात शेत मोकळं करता येतं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दिशेने काम करते आहे. पण वाण हातात पडेपर्यंतही दोन गोष्टी आपल्या ताब्यात आहेत: जूनच्या पावसाआधी टोबायचं नाही, आणि नाताळानंतर पऱ्हाटी उभी ठेवायची नाही.

पुढच्या आठवड्यात : साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बोर नदीच्या खोऱ्यातली काळी माती कशी झाली.