चार अणू आणि दोन हजार कोटी

चाळीसगाव स्टेशनाजवळ केकी मूस यांचे घर आहे, आज तिथे त्यांचे कलादालन आहे. 1912 मध्ये जन्मलेल्या आणि 1989 मध्ये गेलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्याची जवळपास पाच दशके याच वास्तूत काढली, तीही क्वचितच उंबरा ओलांडून. त्यांच्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रातला काळा भाग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. त्या चांदीचा हिशेब मांडायला घेतला की भौतिक रसायनशास्त्र किती थरारक आहे ते कळते.

आधी अणू मोजू. त्यासाठी लागणारे माप याच तालुक्यात आहे. पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावे परार्धापाशी थांबतात : एकावर 17 शून्ये. विश्वाच्या जन्मापासून आजवर साडेचार परार्ध सेकंदही उलटलेले नाहीत. एक ग्रॅम चांदीत मात्र सुमारे 56 हजार परार्ध अणू असतात. विश्वारंभापासून दर सेकंदाला 12 हजार अणू मोजत आलो असतो, तरी तो एक ग्रॅम अजून संपला नसता.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग एवढी बाजू असलेला एक घनाकार स्फटिक घ्या. त्यात चांदीचे सुमारे दोन हजार कोटी आयन मावतात. मे महिन्यातल्या भर दुपारी तेवढ्याशा जागेवर दर सेकंदाला शंभर कोटींहून अधिक दृश्य फोटॉन कोसळत असतात. स्फटिकाला लागतात त्यातले मोजकेच. शोषलेला फोटॉन एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, तो स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो, आणि चांदीचा आयन सरकत तिथे येऊन अणू बनतो. गर्नी आणि मॉट यांनी ही यंत्रणा 1938 मध्ये मांडली. असे तीन-चार अणू एकत्र आले की काम झाले. डेव्हलपर, म्हणजे फिल्म ज्यात बुडवतात ते रासायनिक द्रावण, मग त्या अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. चारांचे दोन हजार कोटी, म्हणजे पाचशे कोटी पट!

खरे नवल याच्या पुढे आहे. प्रकाश न पडलेला स्फटिकही डेव्हलपर काळा करू शकतो. ऊर्जेच्या दृष्टीने तीही उताराचीच वाट. अभिक्रिया घडू शकते का, हे ऊष्मागतिकी सांगते. ती किती वेळात घडेल, हा गतिशास्त्राचा प्रश्न. चार अणूंचा पुंजका उत्प्रेरक होतो, म्हणून प्रकाश लागलेले स्फटिक काही मिनिटांत काळे होतात आणि बाकीचे मागे राहतात. छायाचित्र उमटते ते वेगांतल्या या फरकामुळेच.

आणि वेगाचे तापमानाशी नाते भलतेच नाजूक. डेव्हलपर साधारण 20 अंशांना वापरायचा, तर खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. द्रावण 20 वरून 30 अंशांवर गेले तर केल्विनमध्ये ते 293 वरून 303 झाले, जेमतेम साडेतीन टक्के वाढ. वेग मात्र साधारण दुप्पट होतो, कारण अडथळा पार करण्याइतकी ऊर्जा असलेले रेणू मुळात थोडे असतात आणि त्यांची संख्या घातांकाने वाढते. बोल्ट्झमनचा हाच नियम उलट बाजूने पाहा : 42 अंशांच्या उकाड्यात निव्वळ उष्णतेतून निळ्या फोटॉनइतकी ऊर्जा एका जागी जमण्याची शक्यता, एक भागिले एकावर 44 शून्ये. प्रकाश ती एका क्षणात देतो.

शेवटी उरलेले ब्रोमाइड काढून टाकायचे. लिटरभर पाण्यात ते जेमतेम 0.13 मिलिग्रॅम विरघळते. त्याच पाण्यात पाव किलो हायपो (सोडियम थायोसल्फेट) असेल, तर समतोलाच्या गणिताने 80 ग्रॅमपर्यंत. सहा लाख पट. हायपो चांदीचे सुटे आयन धरून ठेवतो, पाण्यात त्यांचा तुटवडा कायम राहतो, आणि तो भरून काढताना स्फटिक विरघळत जातो.