मनाची साक्ष आणि श्रद्धेचा नांगर

ता. 17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत गेलेला माणूस परतलाच नाहीं. अशा घरांतील एखादी माता म्हणाली, “माझा मुलगा कोठें तरी आहेच, असें माझें मन सांगतें,” तर तिला काय उत्तर द्यावें?

ही मनाची साक्ष तुच्छ नव्हे. प्रीति मरणाला सहजासहजीं शरण जात नाहीं. परंतु मनाला भरतीओहोटी आहे. शिवाय एकाचें मन पुनर्जन्म सांगतें, दुसऱ्याचें कांहींच उरत नाहीं म्हणतें. प्रमाण कोणाचें मानावें?

ख्रिस्ती श्रद्धेचा पाया निराळा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायांत पौल स्वतःच्या भावनेवर विसंबत नाहीं. उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्यांचे दाखले देतो, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा फोल, हेंहि निर्भयपणें कबूल करितो.

श्रद्धा अश्रूंना मनाई करीत नाहीं. लाजाराच्या कबरेकडे जातांना येशूहि रडला. मुलांनो, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आशेला जिवाचा नांगर म्हटलें आहे. नांगर पाण्याखालीं दिसत नाहीं. पण भरती असो वा ओहोटी, तारूं त्याच्याच आधारानें राहतें. त्या मातेला एवढेंच म्हणावें : माउली, तुझें मन आशा धरतें तें योग्यच, त्या आशेला हा नांगर असूं दे.