कट्टी किती दिवस?

बालमित्रांनो, खरं सांगा, आज सकाळपासून भावाशी किंवा बहिणीशी किती वेळा भांडलात? गाडीतली खिडकीजवळची जागा, टीव्हीचा रिमोट, डब्यातला शेवटचा लाडू... कारण काहीही चालतं! मग आई वैतागून म्हणते, "चांगल्या घरातली मुलं अशी भांडतात का?"

भांडतात बरं का! आज अशाच एका घराची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या डेटन शहरातलं हे ख्रिस्ती कुटुंब. वडील चर्चचे बिशप, म्हणजे मोठे धर्मगुरू. त्यांची दोन मुलं तुमच्या ओळखीची आहेत. विमान बनवणारे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट! विल्बर चार वर्षांनी मोठा.

१८७८ साली वडिलांनी गावाहून येताना रबरबँडच्या जोरावर उडणारं एक खेळणं आणलं. खेळणं एक आणि भाऊ दोघं! खेळून खेळून ते मोडलं, तेव्हा दोघांनी मिळून तसंच दुसरं बनवलं.

मोठेपणी त्यांनी सायकलींचं दुकान काढलं आणि तिथेच विमानाची जुळवाजुळव सुरू केली. तेव्हा दोघांचे वाद असे रंगत की दुकान दणाणून जाई! त्यांच्या कारागिराने एक गंमत सांगून ठेवली आहे. एकदा दोघांचं जोरदार वाजलं. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल येऊन म्हणाला, "माझंच चुकलं, विल्बरचं बरोबर आहे." थोड्या वेळाने विल्बर आला. तो म्हणाला, "ऑर्व्हिलचंच बरोबर असावं." झालं! पुन्हा वाद सुरू, पण आता बाजू उलट्या!

विमान तयार झालं. आता पहिल्यांदा कुणी उडायचं? १३ डिसेंबर १९०३ हा रविवार, म्हणून त्या दिवशी सुट्टी. सोमवारी त्यांनी नाणं उडवलं. कौल विल्बरला मिळाला, पण विमान साडेतीन सेकंदांतच वाळूत आपटलं. दुरुस्ती झाली. १७ तारखेला पाळी ऑर्व्हिलची. तो १२ सेकंद उडाला आणि इतिहास घडला! "मी मोठा, पुन्हा मीच," असं विल्बर म्हणाला नाही. त्या दिवशी दोघं आळीपाळीने उडाले. चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला.

पण गोष्ट इथे संपत नाही. या भावांना कॅथरिन नावाची धाकटी बहीण होती. तिचा आणि ऑर्व्हिलचा वाढदिवस एकाच तारखेला, १९ ऑगस्टला! १९०८ साली विमान कोसळून ऑर्व्हिल जबर जखमी झाला, तेव्हा शाळेतली नोकरी बाजूला ठेवून तिने कित्येक आठवडे त्याची शुश्रूषा केली. विल्बर १९१२ मध्येच वारला. मग घरात ही दोघंच एकमेकांना आधार होती. १९२६ साली, वयाच्या ५२व्या वर्षी कॅथरिनने लग्न केलं आणि ऑर्व्हिल रुसला. ती आपल्याला सोडून चालली, असं त्याला वाटलं. तो लग्नाला गेला नाही. तिच्याशी बोलणंही सोडलं.

हा अबोला दोन वर्षांहून जास्त चालला. १९२९ साली कॅथरिनला न्यूमोनिया झाला. थोरल्या भावाने, लॉरिनने समजावलं, तेव्हा कुठे ऑर्व्हिल तिला भेटायला गेला. तो पोचला खरा, पण ३ मार्चला ती गेली. गप्पा मारायला आता वेळच उरला नव्हता.

पाहिलंत? विल्बरशी तो रोज भांडला, तरी नातं घट्ट राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी "माझं चुकलं" म्हणायला दोघंही तयार असत. कॅथरिनशी मात्र तो बोललाच नाही. राग दिवस मावळायच्या आत सोडावा, असं बायबल सांगतं. बिशपच्या घरात हे माहीत नसेल का? पण माहीत असणं वेगळं आणि वागणं वेगळं!

आणि आई-बाबा, मुलांचं भांडण तुटेना, तर घरातला लॉरिन तुम्हीच व्हा!

तर मित्रांनो, भांडा हवं तर. पण आज कुणाशी कट्टी असेल, तर झोपण्यापूर्वी बट्टी करून टाका. आधी कुणी बोलायचं? नाणं उडवा की!