ईद फिरते, झाडे जागेवर

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. त्यामुळे ते इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, आणि रमजान व ईद दरवर्षी तेवढ्याच मागे सरकतात. साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी येतात. मी हे गणित फळ्यावर मांडते तेव्हा मुले माना डोलावतात, पण पटते ते बागेत गेल्यावरच. झाडांचा हिशेब सूर्याशी असतो. चाँद कधीही दिसो, बहावा आपला एप्रिल-मेमध्येच फुलणार.

आमच्या घरी बासी ईदला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला जायची जुनी पद्धत आहे. ईदचा दिवस बायकांचा कधीच नसतो, हे वेगळे सांगायला नको. पहाटेपासून शीरखुर्मा, मग बिर्याणीचे पातेले, मग पाहुण्यांचा राबता; नवा ड्रेस दुपारी कधीतरी अंगावर चढतो. अम्मीची ईद दुसऱ्या दिवशी व्हायची, उरलेले कबाब आणि चपात्या डब्यात भरून झाडाखाली चादर अंथरली की. वर्षात तिला पाय पसरून बसलेली मी तेवढीच पाहिली.

ही बाग रेसकोर्सजवळ, सुमारे ३९ एकरांत आहे. १८३० साली स्थापन झालेली ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ती सांभाळते. पूर्वी तिला सोल्जर्स गार्डन म्हणत. पुढे व्हिक्टोरिया राणीवरून आजचे नाव पडले. राणी गेली, सोल्जर गेले, पण सावली मात्र अजून तशीच दाट आहे. खोडाएवढे जाड वेल झाडांवर चढलेले पाहून लहान मुले थबकतात. हे वेल आहेत यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

ईदच्या सालांवरून मला या बागेचे ऋतू आठवतात. १९९२ साली ईद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. मी तेव्हा शाळेत होते. झाडांना नवी पोपटी पालवी, आणि वाटेत गुलमोहर नुकता लाल व्हायला लागलेला. २००० साली तर एक ईद जानेवारीत आणि दुसरी डिसेंबरात आली, दोन्ही वेळा शालीत गुंडाळून बसलो. २००५ ची नोव्हेंबरात. त्या वेळी रस्त्यांवर बुचाच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा असतो. मुली ती वेचून, देठांत देठ गुंफून, सुई-दोऱ्याशिवाय गजरा करतात. सातवीणही त्याच सुमारास फुलते, पण तिच्या वासाने माझे डोके चढते. ज्यांना आवडतो त्यांना मुबारक.

२०१५ ला ईद जुलैत होती. अनेक घरांनी पावसाच्या भीतीने बेत रद्द केले. आम्ही गेलो आणि छत्रीखालीच जेवलो. पर्जन्यवृक्षाची पाने ढगाळ हवेत आणि संध्याकाळी मिटतात, हे पुस्तकात शिकवणे वेगळे आणि प्रत्यक्ष मान वर करून पाहणे वेगळे. २०२० ची ईद २५ मेला, टाळेबंदीत आली. ऐन गुलमोहराचे दिवस, आणि आम्ही घरात. २०२४ ला ११ एप्रिलला ईद झाली आणि चक्र पूर्ण झाले. तीच पालवी, तोच नुकता लाल होणारा गुलमोहर. चादरीवर अम्मीच्या जागी मी होते.

मुलांना झाडाची दोन्ही नावे सांगायची माझी सवय आहे. मराठीतला बहावा उर्दूत अमलतास होतो, बकुळ मौलसरी, पारिजातक हरसिंगार, सदाफुली सदाबहार, पळस टेसू. आणि गुलबक्षी? ते गुल-ए-अब्बासचेच मराठी रूप. ‘बाग’ हा शब्दही फारसीतून मराठीत येऊन इतका मुरला की त्याचे मूळ गाव कोणी विचारत नाही. गुलमोहराचेही तसेच: नाव आपल्याकडचे वाटते, झाड मात्र मादागास्करचे.

ही हौस जुनी आहे. बाबराने आत्मचरित्रात काबूलजवळच्या लाला म्हणजे ट्युलिपचे बत्तीस-तेहतीस प्रकार मोजून घेतल्याचे लिहिले आहे. जहांगीरने उस्ताद मन्सूरकडून काश्मीरच्या शंभरावर फुलांची चित्रे काढून घेतली. बंगळूरचा लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केला आणि टिपूने परदेशांतून रोपे आणवून तो वाढवला. आज तो २४० एकरांचा आहे. बादशहांना बाग परवडते, असे कोणी म्हणेल. एम्प्रेसचे तिकीट मात्र आपल्यालाही परवडते, मॉलमधल्या एका सरबतापेक्षा कमीच.

अडचण पैशाची नाही, दिवसाची आहे. आपल्या पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी, शाळांची रविवारी. अब्बा घरी असतात तेव्हा मुले वर्गात, आणि मुले घरी असतात तेव्हा अब्बा शिफ्टला. बासी ईदला सुटी नसतेच. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘आमची सहल’ या निबंधात लिहिले, की आम्ही चौघे एकत्र फक्त ईदच्या दिवशी जेवतो. निबंध तीन ओळींचाच होता. मी त्याला गुण दिले आणि पुढच्या पालकसभेत हाच विषय काढला. काही वडिलांनी ईदच्या रजेला जोडून आणखी एक रजा टाकायचे कबूल केले. एकाने उलट विचारले, “कंत्राटी माणसाला दुसरी रजा कोण देतो, बाई?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या घरची आई आणि मुले मग आमच्याबरोबर आली. वडिलांसाठी डबा वेगळा ठेवला होता.

प्रवास आता सोपा झाला आहे. पिंपरीहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून पुणे स्टेशन, पुढे रिक्षा किंवा बस. चाकणकरांनी नाशिक फाट्यापर्यंत बसने येऊन मेट्रो धरावी. पाणी आणि चादर घरून घ्या, आणि उष्टे-खरकटे परत आणायला एक पिशवी.

घरात एक वही ठेवा. दर ईदला एक पान: तारीख, कोण कोण आले, कोणते झाड फुलले होते. पुढची काही वर्षे ईद मार्चमधून फेब्रुवारीकडे सरकेल, म्हणजे पळस आणि काटेसावरीचे दिवस. आणि २०३१ ला, चाँदच्या हिशेबाने, ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात येईल. एम्प्रेसचे पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरते. त्या वर्षी गर्दी फार असेल, सकाळी लवकर निघावे लागेल.